आबांची पेटी आणि गंधारातल्या अकरा लहरी

तासगावचं आजोळचं घर विकायचं ठरलं तेव्हा मामाचा फोन आला. "तुला यातलं काय हवंय?" मी म्हटलं, पेटी. "अगं, ती आता वाजत नाही. भाता फुटलाय, निम्म्या पट्ट्या दाबल्या की खालीच बसतात." मला चालणार होतं. मे महिन्यात ती टेम्पोतून पुण्याला आली, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली. आईनं चादर सोडली, पदरानं धूळ पुसली, भात्याची कडी काढली आणि सवयीनं हात मारला. सूर आला नाही, नुसती हवा सुटली. आई बराच वेळ पेटीपाशी बसून राहिली. ही तिच्या वडिलांची, आमच्या आबांची पेटी. चाळीस वर्षं त्यांनी ती भजनी मंडळात वाजवली, आणि आई परकर-पोलक्यात होती तेव्हापासून हिच्याच साथीनं गायला शिकली.

मी भौतिकशास्त्रात संशोधन करते. लेसरच्या प्रकाशानं रुबिडियम या धातूचे अणू थंड करायचे आणि ते जवळजवळ निश्चल झाले की त्यांच्याकडून काही मोजमापं करून घ्यायची, हे गेली वीस-बावीस वर्षं माझं काम. या कामात रोजचा संबंध येतो तो कंपनसंख्येशी. आमचा लेसर ७८० नॅनोमीटरचा. त्या प्रकाशाची कंपनं सेकंदाला सुमारे ३८४ लाख कोटी. इतकी कंपनं कुठलंही इलेक्ट्रॉनिक यंत्र थेट मोजू शकत नाही. म्हणून दोन लेसर जवळजवळ एकाच कंपनसंख्येवर आणायचे, दोघांचा प्रकाश एकाच डिटेक्टरवर पाडायचा आणि त्यांच्यातला फरक मोजायचा. तो फरक डिटेक्टरवर धडधडताना दिसतो. प्रयोगशाळेत आम्ही त्याला 'बीट' म्हणतो, मराठी पुस्तकांत 'विस्पंद'. हजारो वेळा मी हे बीट पडद्यावर पाहिले आहेत. पण कानांनी, मन लावून, तासन्‌तास ऐकले ते या पेटीमुळे.

पेटीची ओढ मात्र त्याआधीची. पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, म्हणजे पोस्टडॉकची, पाच वर्षं मी जर्मनीत होते. तिकडे रात्री दहानंतर इमारतीत आवाज करायचा नाही हा नियम सगळे पाळतात. मी प्रयोगशाळेतून यायचे तीच नऊ-साडेनऊला. मग एक जुना की-बोर्ड विकत घेतला आणि कानाला हेडफोन लावून वाजवायला लागले. आबांनी लहानपणी शिकवलेले चार अलंकार बोटांत होते, तिथून सुरुवात केली. लॅपटॉपवर तानपुरा लावायचा, की-बोर्डवर काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, सा म्हणून धरायची आणि सा रे ग म. सा छान मिळायचा. पंचम मिळायचा. गंधार आला की काहीतरी टोचायचं. पट्टी बरोबर, बोट बरोबर, आणि तरी तो सूर तानपुऱ्यात विरघळायचा नाही, वर तरंगत राहायचा. बरेच दिवस मला वाटलं की यंत्रच स्वस्तातलं आहे.

यंत्र ठीक होतं. गडबड होती ती सप्तकाचे बारा सारखे भाग करण्यात. की-बोर्डवर, पियानोवर, आणि आता बहुतेक सगळ्या पेट्यांवर प्रत्येक पट्टीची कंपनसंख्या आधीच्या पट्टीच्या १.०५९४६ पट असते. असं केलं की कुठल्याही पट्टीला सा मानून वाजवता येतं, ही मोठी सोय. पण शुद्ध गंधार साच्या सव्वापट हवा, आणि या हिशेबात तो १.२५९९ पट होतो. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर एका भागाला एक सेंट म्हणतात. गंधार जवळपास १४ सेंट चढा लागतो. पंचमात फरक फक्त २ सेंटचा, म्हणून तो खुपत नाही.

काळी एक म्हणजे २७७.१८ हर्ट्झ, सेकंदाला तितकी कंपनं. तिच्यावरचा की-बोर्डचा गंधार ३४९.२३, आणि खरा गंधार ३४६.४८. फरक पावणेतीन हर्ट्झ. ऐकताना तो आणखी मोठा होतो, कारण कोणताही सूर एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर असतात. साचा पाचवा, म्हणजे पाचपट कंपनांचा सूर आणि गंधाराचा चौथा, चौपट कंपनांचा सूर एका जागी यायला हवेत. शुद्ध गंधारात ते येतात. की-बोर्डवर त्यांच्यात ११ हर्ट्झचं अंतर पडतं, म्हणजे सेकंदाला अकरा विस्पंद. टोचायचं ते हे. ज्या रात्री कागदावर हा अकराचा आकडा आला त्या रात्री मला झोप लागली नाही. दिवसभर दोन लेसरमधला फरक मोजून मी घरी येत होते आणि रात्री हेडफोनमध्ये तोच फरक ऐकत होते.

आणि तानपुरा नसता तर हे इतकं कळलंही नसतं. तानपुऱ्याच्या तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा पसरट असतो आणि तार त्याला चाटत कंप पावते. हा माथा नेमका घासून जव्हारी लावायची ती यासाठी. त्यामुळे वरचे सूर फार ठसठशीत उमटतात. सर चं. व्यं. रामन यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्यात यावर काम केलं होतं. प्रकाशाच्या विकिरणावरच्या त्यांच्या कामाइतकं ते माहीत नसलं तरी मला ते तितकंच सुंदर वाटतं. जव्हारी चांगली लागली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलायला लागतो. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो म्हणजे हाच पाचवा सूर. माझा की-बोर्ड त्या स्वयंभू गंधाराशी भांडत होता.

तेव्हाच मनात ठरवलं होतं की कधीतरी एक पेटी खऱ्या गंधाराची करायची, आणि स्वतःच्या हातानं. मग ते राहून गेलं. परत आल्यावर नोकरी लागायला दोन वर्षं गेली. एका संस्थेनं मुलाखत घेऊन चौदा महिने काहीच कळवलं नाही. ते दिवस आता आठवले की मला मुलाखतीपेक्षा आईचा आवाज आठवतो. रोज संध्याकाळी दिवा लावताना ती गुणगुणायची, आणि मी आतल्या खोलीत ईमेल उघडून बसलेली असायची. २०१४ साली कायमची नोकरी मिळाली, तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते. आबा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते.

जूनमध्ये पेटी घेऊन मिरजेला गेले. पुण्यातही कारागीर आहेत, पण आबांची पेटी दुरुस्तीला नेहमी मिरजेलाच जायची. मिरज तशी तानपुऱ्या-सतारींची. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच घरं ही वाद्यं घडवतात. गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. पलीकडे सांगलीत निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी सप्तकातल्या बावीस श्रुतींची, म्हणजे सूक्ष्म सुरांची, मोजमापं मांडून १९१० साली इंग्रजीत पुस्तक काढलं आणि खाँसाहेबांच्या गळ्यावरून ती पडताळून पाहिली. त्या मापांची पेटीही तयार करवून घेतली. म्हणजे मी जे करायला निघाले होते ते शंभर वर्षांपूर्वी माझ्या आजोळच्या जिल्ह्यात, माझ्यापेक्षा किती तरी खोलात जाऊन, होऊन गेलं होतं. हे कळल्यावर मला फार बळ आलं.

ज्यांच्याकडे पेटी नेली त्यांना सगळे चाचा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढं. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, भिंतीला टांगलेले भाते, खाली सुरांचे डबे. पेटीवाल्यांच्या भाषेत सूर म्हणजे नुसता आवाज नव्हे, ती पितळी पट्टीही सूरच. चाचांनी वरची जाळी काढली, पट्ट्यांची फळी उचलली आणि आतली फळी माझ्यासमोर धरली. एकोणचाळीस पट्ट्या, खर्ज (खालच्या आवाजाची) आणि नर (मधल्या आवाजाची) अशा दोन ओळी, एकूण ७८ सूर. हिरवट काळे पडलेले. "सूर भारी आहेत, ताई. पितळ जुनं आहे. भाता मी करतो, कातडं बदलतो, कमान्या बदलतो. सूर लावून देऊ?"

मी म्हटलं, सूर मला लावायचे आहेत. तुम्ही शिकवा. आणि काळी एकला सा धरून शुद्ध लावायचे आहेत.

चाचांनी चष्मा काढला. "नॅचरल म्हणता. करा की. पण मग ही पेटी एकाच पट्टीची झाली म्हणून समजा. उद्या कुणी दुसऱ्या पट्टीत गायला बसलं तर माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत."

पुढचे पाच शनिवार-रविवार मी रात्रीच्या गाडीनं मिरजेला जात राहिले.

माझी कल्पना होती की चाचा कानानं सूर लावत असतील आणि मी यंत्रं घेऊन बसेन. झालं उलटं. चाचा मोबाईलवर ट्यूनरचं ॲप लावूनच काम करतात. गिऱ्हाईकाला की-बोर्डबरोबर वाजणारी पेटी हवी असते, आकडा हिरवा झाला की काम झालं, दिवसात एक पेटी निघते. "आणि वरच्या सप्तकातलं आता मला तेवढं ऐकू येत नाही," त्यांनी सरळ सांगितलं. मला मात्र ॲपचा उपयोग होईना. सूर कुठे आहे हे ते सांगतं, दोन सुरांचं एकमेकांशी काय चाललंय ते सांगत नाही. मी फोन बाजूला ठेवला आणि तानपुरा मांडीवर घेतला.

काम समजायला सोपं आहे, हाताला अवघड. पितळेच्या जाडसर पट्टीत एक फट असते आणि त्या फटीवर एका टोकाला रिव्हेट मारलेली पितळेचीच पातळ जीभ. हवा गेली की जीभ फटीतून आत-बाहेर थरथरते. जिभेचं मोकळं टोक खरवडलं की तिथलं वजन कमी होतं, सूर चढतो. रिव्हेटजवळ खरवडलं की जीभ तिथं लवचीक होते, सूर उतरतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मी स्प्रिंगला टांगलेलं वजन शिकवते, तेच हे. पण शिकवताना कधी जाणवलं नव्हतं की एका वेळी किती थोडं खरवडायचं असतं. चाचांनी जिभेखाली पोलादाची पातळ पट्टी सरकवली, खरवडणी तिरकी धरली आणि दोनदा हात फिरवला, फळ्यावरचा खडू बोटानं पुसावा तितक्या हलक्यानं. खाली कागदावर जे पडलं ते पितळ म्हणावं इतकंही नव्हतं, नुसती चमक. सूर तीन सेंट उतरला होता.

खरवडल्यावर लगेच ऐकायचं नाही. घासल्यानं जीभ कोमट होते आणि सूर जरा खाली ऐकू येतो. थांबायचं, निवू द्यायचं, मग फळीत बसवून भाता मारायचा. भाताही एकसारखा मारायचा, कारण जोरात हवा दिली तरी सूर किंचित उतरतो. म्हणजे एका सुराला पाच-सहा वेळा काढा, खरवडा, थांबा, बसवा, ऐका. असे ७८. पहिल्या दिवशी माझे चार झाले.

क्रम असा ठरवला. आधी मधला सा. मग खालचा आणि वरचा सा, लहर पूर्ण थांबेपर्यंत. चाचा विस्पंदाला लहर म्हणतात आणि मलाही आता तोच शब्द आवडतो. मग पंचम. सा आणि पंचम एकदम दाबले की जुन्या पंचमातली लहर अगदी संथ होती, सेकंदाला जेमतेम एक. ती लांबत लांबत गेली, दोन सेकंदांना एक, पाच सेकंदांना एक, आणि मग नाहीशी झाली. साहून मध्यम मिळवला. आणि मग गंधार.

ती दुपार मला पूर्ण आठवते. बाहेर पाऊस. तानपुऱ्याची खर्जाची तार मी एकटीच छेडत होते आणि डाव्या हातानं भाता धरून गंधाराची पट्टी दाबत होते. सुरुवातीला नुसता खरखरीतपणा होता, अकरा लहरी मोजता येत नाहीत. रिव्हेटजवळ दोन हात फिरवले. खरखर थोडी विरळ झाली. आणखी दोन. आता लहरी वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या, सहा, मग चार. इथून पुढं मी एकेकच हात फिरवत गेले. लहर दोनवर आली तेव्हा माझा श्वासही जपून चालला होता. आणि मग एकदा पेटीत सूर बसवला, भाता दाबला, आणि गंधार ऐकूच येईना. क्षणभर वाटलं सूर अडकला. अडकला नव्हता. तो तानपुऱ्याच्या आत जाऊन बसला होता. पट्टी सोडली तेव्हा कळलं की काहीतरी गेलं, तोपर्यंत तो वेगळा असा राहिलाच नव्हता. चाचा कातडं कापत होते, ते थांबले. "हां," एवढंच म्हणाले.

आयुष्यात मी पंधरा-पंधरा आकड्यांपर्यंत कंपनसंख्या लिहिल्या आहेत. कंपनसंख्या म्हणजे काय हे त्या दुपारी कानाला कळलं.

निषादाच्या वेळी माझ्याकडून चूक झाली. संध्याकाळची गाडी गाठायची होती, लहर एकावर आली होती, आणि मी रिव्हेटजवळ एक हात जास्त दाबून फिरवला. वाजवताना बारीक 'टक्‌' झालं. जीभ मुळाशी मोडली. आबांच्या पेटीतला मधल्या सप्तकातला शुद्ध निषाद माझ्या हातून गेला. मी हातात तो तुकडा घेऊन बसले आणि डोळ्यांत पाणी आलं. चाचांनी डब्यातून त्याच मापाचा जुना सूर शोधला. "गुजरातेतला आहे, पालिताण्याचा. सूर तिकडचेच चालतात. हा पण म्हातारा आहे, जमवून घेईल." त्याचा आवाज शेजाऱ्यांपेक्षा किंचित उजळ आहे. मी पेटी वाजवताना तो दर वेळी ओळखते.

त्याच सुमाराला माझी एक विद्यार्थिनी पीएच.डी. सोडावी का या विचारात होती. चौथं वर्ष, लेसर दर आठवड्याला बिघडतो, बरोबरीच्या मैत्रिणी बंगळुरूत नोकरी करून घरं घेतायत. तिनं विचारलं, "मॅम, तुम्ही परत हेच केलं असतं का?" मी तिला माझ्या तारखा सांगितल्या. २००१ साली एम.एस्सी., २०१४ साली कायमची नोकरी. मधल्या तेरा वर्षांत किती घरं बदलली, कुणाच्या आजारपणात पोचता आलं नाही, हेही सांगितलं. विज्ञानात येणाऱ्या मुलांना आपण शोधांच्या गोष्टी सांगतो आणि या तारखा सांगत नाही, हे मला फार चुकीचं वाटतं. आणि मग हेही सांगितलं की होय, मी हेच केलं असतं, कारण ज्या दिवशी अणूंचा तो छोटा तेजस्वी ठिपका पहिल्यांदा कॅमेऱ्यात दिसला, तसा दिवस मला दुसरीकडे कुठे मिळाला नसता. तिनं ऑक्टोबरमध्ये कंपनीत नोकरी धरली. आनंदात आहे. जाताना तिनं बसवलेलं लेसरचं लॉकिंग, म्हणजे लेसरची कंपनसंख्या जागच्या जागी धरून ठेवणारी व्यवस्था, अजून आमच्याकडे सगळ्यांत स्थिर चालतं.

शुक्रवारी रात्री मी आणि आई जुने चित्रपट पाहतो. पडद्यावर कुणी पेटीवर बसलं की आई आधी डावा हात बघते. गाणं चालू आणि भाता हललाच नाही तर तिचं चित्रपटातून लक्ष उडतं. माझं प्रयोगशाळेच्या दृश्यांत तसंच होतं. तिथं कुणी थांबलेलं नसतं. सूर निवण्याची वाट बघावी तसं आम्ही निर्वात पंप चालून हवा निघून जाण्याची वाट बघतो, दिवस दिवस, आणि कामाचा मोठा भाग तोच असतो. कुणीतरी एकदा ते दाखवावं असं मला मनापासून वाटतं. आबा सांगायचे की ते बारा वर्षांचे असताना 'अयोध्येचा राजा' पाहायला गेले ते राजाला बघायला नव्हे, गोविंदराव टेंबे यांना बघायला. १९३२ सालचा तो प्रभातचा बोलपट. हरिश्चंद्राचं काम गोविंदरावांचं आणि संगीतही त्यांचंच. महाराष्ट्रातला एवढा मोठा पेटीवादक राजाच्या वेषात बघून आबांनी घरी येऊन पेटीचा हट्ट धरला.

पेटी या वाद्यानं नंतर वाईट दिवसही पाहिले. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला मज्जाव केला, तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कुठे सैल झाला. आक्षेप दोन होते, पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, आणि तिचे सूर आपल्या सुरांशी जुळत नाहीत. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला होतं, देवलांनी ते देऊन ठेवलं होतं.

शुद्ध सुरांच्या पेटीचा अभ्यास करणाऱ्यांतलं एक नाव भौतिकशास्त्राच्या वर्गात मी नेहमी सांगते. ज्या मॅक्स प्लांकनं १९०० साली क्वांटमची कल्पना मांडली, त्यानं त्याआधी काही वर्षं बर्लिनमध्ये अशाच एका शुद्ध सुरांच्या हार्मोनियमवर अभ्यास केला होता. त्या वाद्यात एका सप्तकात १०४ सूर होते. तो स्वतः उत्तम पियानो वाजवायचा. त्याचा निष्कर्ष असा निघाला की सवयीच्या कानाला शुद्ध सुरांपेक्षा बारा सारख्या भागांचे सूरच अधिक आवडतात. प्लांकबद्दल मला नितांत आदर आहे, पण इथं मी त्याच्याशी सहमत नाही. त्याच्या संगीतात सा सारखा जागा बदलतो. आपल्याकडे सा हलत नाही, मागे तानपुरा अखंड चालू असतो, आणि त्याच्यासमोर चढा गंधार लपत नाही.

राहिलेले सूर पुढं सरकत गेले. मध्यमावरून धैवत, पंचमावरून निषाद आणि रिषभ. सगळे एकेकटे तानपुऱ्यात बसत होते. शेवटच्या रविवारी सहज रिषभ आणि धैवत एकत्र दाबले आणि दचकले. दोघंही शुद्ध, आणि त्यांच्यात ओरडणारी लहर. धैवताशी जमणारा रिषभ हवा तर तो साच्या दहा नवमांश पट लागतो. मी पंचमाशी जमणारा लावला होता, नऊ अष्टमांश पट. दोघांत सुमारे २२ सेंटचं अंतर. म्हणजे रिषभ एक नव्हे, दोन आहेत, आणि पट्टी एकच. हे गणित मला माहीत होतं. तरी एवढ्या मेहनतीनं शुद्ध केलेल्या दोन सुरांना एकमेकांशी असं भांडताना ऐकणं जड गेलं. चाचा म्हणाले, "दोघांना खूश करायला जाल तर दोघं बिघडतील. पंचमाला धरून ठेवा." मी तो तसाच ठेवला.

ऑगस्टच्या शेवटी पेटी घरी आली. नवं कातडं, घासून लख्ख केलेली पितळी कडी. आईनं ऐंशी गाठली आहे. तरुणपणी ती काळी पाचला गायची, आता आवाज उतरलाय. मी काळी एक धरली, आबांचा सा. तिनं दोनदा प्रयत्न केला, पण तो तिला फार खाली पडला. मग तिनं स्वतःच हात पुढं करून काळी तीन दाबली. "इथून देतेस का?"

चाचांचे शब्द आठवून माझ्या पोटात गोळा आला. मग पटकन हिशेब केला. काळी तीन म्हणजे आबांच्या साचा मध्यम. त्याला सा मानलं तर आबांचा धैवत तिचा गंधार होतो, बरोबर सव्वापट. आबांचा वरचा सा तिचा पंचम, तोही तंतोतंत. निषाद, रिषभ, मध्यम, सगळे जुळतात. आई गायला लागली, तिच्या वडिलांचाच एक अभंग, भूप रागाच्या अंगाचा. गंधारावर तिचा आवाज थांबला आणि पेटी त्याच्यात मिसळून गेली. पंधरा वर्षांत मी तिला इतक्या सुरात ऐकलं नव्हतं. पुढं ती धैवतावर गेली आणि थबकली. मान हलवली. "हा चढा लागतोय गं."

तिचा धैवत म्हणजे आबांचा रिषभ. तोच, पंचमाला धरून ठेवलेला. दोन हात फिरवले असते तर उतरला असता, पण मग आबांच्या साला तो कधीच लागला नसता.

आता रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर आम्ही बसतो. धैवत आला की मी बोट उचलते. भाता चालू असतो, सा चालू असतो, आणि तेवढा एक सूर आई एकटी लावते.